रक्तात असामान्य प्रथिन असताना किडनी प्रत्यारोपण: कुठून सुरुवात करायची, कशावर लक्ष ठेवायचं

किडनी बदलता येते, पण रक्तातलं नको असलेलं प्रथिन किडनीत तयार होत नाही. ते तयार होतं हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत, आणि प्रत्यारोपणानंतरही मज्जा तीच राहते. म्हणून ज्यांच्या रक्तात असं प्रथिन सापडलंय, त्यांनी प्रत्यारोपणाचा विचार मज्जेपासून सुरू करायचा असतो. एवढं समजलं, की तपासण्या एवढ्या का, थांबायला का सांगतात, ऑपरेशन नीट झाल्यावरही रक्त का तपासत राहतात, या सगळ्याचा उलगडा होतो.

मी प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या फायली, तारखा आणि तपासण्या सांभाळण्याचं काम करते. औषध कुठलं आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं आणि काय राहून जाऊ द्यायचं नाही, ते इथे सांगते.

पहिली पायरी: रिपोर्टवर नेमकं काय आहे ते ओळखा

मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी अँटीबॉडी बनवतात. निरोगी माणसात अशा पेशींची असंख्य घराणी असतात आणि प्रत्येकाची अँटीबॉडी वेगळी असते. कधीकधी एकाच पेशीची पिलावळ वाढते आणि ती एकाच साच्यातलं प्रथिन रक्तात सोडत राहते. याला एम प्रोटीन, मोनोक्लोनल प्रोटीन किंवा पॅराप्रोटीन म्हणतात. तिन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत, त्यामुळे दोन रिपोर्टवर दोन नावं दिसली तर घाबरू नका. अँटीबॉडीचे दोन भाग असतात, हेवी चेन आणि लाइट चेन. लाइट चेन दोनच प्रकारची असते, कॅप्पा किंवा लॅम्डा. काही रुग्णांत पूर्ण अँटीबॉडी बनतच नाही, नुसत्या लाइट चेन सुट्या फिरतात. किडनीला बहुतेक वेळा त्याच त्रास देतात.

पहिला सुगावा अगदी साध्या रिपोर्टमध्ये असू शकतो. समजा, टोटल प्रोटीन डेसिलीटरला ९.१ ग्रॅम आहे आणि अल्ब्युमिन ३.३. वजाबाकी करा: ५.८ उरले, हे ग्लोब्युलिन. एरवी हा आकडा साधारण २ ते ३.५ च्या आसपास असतो. ४ च्या वर गेला की कारण शोधायला हवं. कारण दर वेळी मज्जेतलंच असतं असं नाही. जुनाट संसर्ग, हिपॅटायटिस, संधिवाताच्या जातीचे आजार यांतही ग्लोब्युलिन वाढतं. फरक इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे रक्तातली प्रथिनं विजेने वेगळी करणाऱ्या तपासणीच्या आलेखावर दिसतो. संसर्गात उजवीकडे पसरट टेकडी उठते, एम प्रोटीनमध्ये अरुंद, टोकदार सुळका. आणि एक इशारा: नुसत्या लाइट चेनचा आजार असेल तर ही वजाबाकी अगदी नॉर्मल येऊ शकते. ती नॉर्मल आहे म्हणून शंका मिटत नाही.

प्रथिन सापडलं की पुढचा प्रश्न, ते कुठल्या गटातलं? एम प्रोटीन डेसिलीटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी, मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि कुठल्याही अवयवाला इजा नाही, तर त्याला एमगस म्हणतात. हे नाव १९७८ साली मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी दिलं. पन्नाशीच्या पुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत एमगस असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो कधी त्रास देत नाही. मायलोमाकडे, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरकडे, किंवा तशाच एखाद्या आजाराकडे जाण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे १ टक्का. प्रथिन ३ ग्रॅम किंवा जास्त, किंवा मज्जेतल्या पेशी १० ते ६० टक्के, पण अजून इजा नाही, तर तो स्मोल्डरिंग मायलोमा. हाडं, रक्त, कॅल्शियम किंवा किडनीला झळ पोचली असेल, तर मायलोमा.

या सगळ्यांच्या मध्ये एक गट आहे आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रथिन थोडंसंच असतं, मज्जा जवळपास नॉर्मल दिसते, कॅन्सर म्हणावा असं काही नसतं, पण तेवढंच प्रथिन किडनीत साचून तिची वाट लावतं. २०१२ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने याला एमजीआरएस असं वेगळं नाव दिलं. त्याआधी अशा रुग्णांना "एमगस आहे, उपचार लागत नाही" असं सांगितलं जायचं आणि किडनी जात राहायची. तुमच्या फायलीत एमगस हा शब्द असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: "हा साधा एमगस आहे, की किडनी यानेच खराब झाली?" पुढचा सगळा रस्ता या उत्तरावर ठरतो.

दुसरी पायरी: तिन्ही तपासण्या एकत्र करून घ्या

सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि सीरम फ्री लाइट चेन या तीन तपासण्या एकमेकींच्या फटी बुजवतात. पहिलीत प्रमाण कळतं, दुसरीत जात कळते आणि पहिलीच्या नजरेतून सुटलेलं बारीक प्रथिनही सापडतं, तिसरीत सुट्या कॅप्पा-लॅम्डा मोजल्या जातात. लघवी होत असेल तर २४ तासांच्या लघवीचं इम्युनोफिक्सेशनही करतात. एकच तपासणी करून "निगेटिव्ह आहे" असं म्हणणं पुरेसं नाही.

फ्री लाइट चेनचा रिपोर्ट वाचताना किडनी निकामी असलेल्यांची हमखास धांदल उडते. कॅप्पा आणि लॅम्डा दोन्ही किडनीतूनच बाहेर जातात. किडनी थंडावली की दोन्ही साठतात आणि दोन्ही आकडे लाल अक्षरात छापून येतात. त्यात कॅप्पा आकाराने लहान असल्यामुळे एरवी किडनीतून जास्त वेगाने निघून जाते. किडनी बंद पडल्यावर तिचा हा फायदा संपतो आणि कॅप्पा-लॅम्डा गुणोत्तर आपोआप वर सरकतं. निरोगी किडनीसाठी गुणोत्तर ०.२६ ते १.६५ धरतात. किडनी निकामी असताना ०.३७ ते ३.१ पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे डायलिसिसवरच्या माणसाचं गुणोत्तर २.४ आलं आणि लॅबने पुढे "हाय" लिहिलं, तर तेवढ्यावरून आजार ठरत नाही. ४० आलं, तर ते किडनीमुळे नाही.

दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोन लॅबच्या आकड्यांमधला फरक आजार वाढल्याचा भास निर्माण करतो.

लघवीच्या पट्टीबद्दलही सांगायला हवं. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन नाही. एकूण प्रथिनाचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर खूप जास्त आणि अल्ब्युमिनचं मात्र कमी, असं दिसलं तर मधला फरक लाइट चेनचा असू शकतो. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४० च्या दशकात ज्याचं वर्णन केलं ते लघवीतलं प्रथिन हेच, आणि आजही ते पट्टीला चकवतं.

अंगावर जांभळे चट्टे उठत असतील, थंडीत बोटं निळी पडत असतील, तर क्रायोग्लोब्युलिनची, म्हणजे गारव्यात साकळणाऱ्या प्रथिनाची तपासणी होते. नमुना सुईतून निघाल्यापासून गोठून सीरम वेगळं होईपर्यंत ३७ अंशांवर उबदार ठेवावा लागतो. तो गार पडला तर प्रथिन गुठळीबरोबरच निघून जातं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. रक्त घेणाऱ्यांना "नमुना गरम नेण्याची सोय आहे का?" हे विचारायला अजिबात संकोचू नका.

तिसरी पायरी: जुन्या किडनीचं निदान शोधून काढा

माझ्या मते या सगळ्या प्रवासात हीच पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते आणि हीच सर्वांत महाग पडते. किडनी गेली, डायलिसिस सुरू झालं, आता ती का गेली हे कशाला शोधायचं, असं घरच्यांना वाटतं. पण प्रथिनाचा आजार असेल तर नव्या किडनीचं भवितव्य त्याच कारणात दडलेलं असतं.

आधी बायोप्सी झाली असेल तर तिचा संपूर्ण रिपोर्ट मिळवा, शेवटचं वाक्य नव्हे. त्यात तीन गोष्टी शोधा: इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगांच्या तपासणीत) कॅप्पा आणि लॅम्डाचे रंग स्वतंत्र केले आहेत का, काँगो रेड (अमायलॉइड दाखवणारा रंग) केलंय का, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी झालीय का. नसेल तर जुने ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे, पॅथॉलॉजी विभागात अजून असू शकतात आणि त्यांवर काही तपासण्या आजही करता येतात. बायोप्सी झालीच नसेल आणि किडन्या आक्रसल्या असतील, तर ती करण्यात अर्थ उरला आहे का हे नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. रक्तस्रावाचा धोका आणि मिळणारी माहिती यांचा हिशेब तेच करू शकतात. काही आजारांचा पुरावा पोटाच्या चरबीतून किंवा मज्जेच्या तुकड्यातूनही मिळतो.

निदानाची नावं अवघड आहेत, पण प्रत्यारोपणाच्या दृष्टीने प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

साधा एमगस, आणि किडनी मधुमेहाने किंवा दुसऱ्याच कारणाने गेलेली. हे खूप रुग्णांत असतं. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एमगस आहे म्हणून प्रत्यारोपण नाकारू नये. मात्र आधी बाकीचे प्लाझ्मा पेशींचे आजार नीट तपासून बाजूला करावेत आणि पुढे रक्ताच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त राहतो हे रुग्णाला सांगावं. कुणी रिपोर्टवर नुसता "एम बँड" (एम प्रोटीनचा पट्टा) बघून दार बंद करत असेल, तर दुसरा सल्ला जरूर घ्या.

लाइट चेन डिपॉझिशन डिसीज. लाइट चेन किडनीच्या पडद्यांवर साचतात. मज्जेवर उपचार न करता किडनी बसवली तर हा आजार बहुतेकांमध्ये परत येतो आणि नवी किडनीही काही वर्षांत जाते.

एएल अमायलॉइडोसिस. यात किडनीपेक्षा हृदयाची काळजी मोठी असते. लाइट चेनचे तंतू हृदय, नसा (नर्व्ह), आतडी, यकृत यांत साचतात. हृदयात ते बऱ्यापैकी साचले असतील तर ऑपरेशनच धोक्याचं ठरतं आणि अशा रुग्णांना बहुतेक वेळा प्रत्यारोपण दिलं जात नाही. नसांचा सहभाग असेल तर उभं राहताच रक्तदाब कोसळतो, आणि सतत कमी रक्तदाब नव्या किडनीला मारक असतो. काहींच्या रक्तातला फॅक्टर १०, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक, कमी झालेला असतो, त्यामुळे ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होऊ शकतो. तो आधी तपासून घ्यावा. हृदयासाठी रक्तातला एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा घटक) तपासतात, पण किडनी निकामी असताना तो एरवीही चढलेला असतो. म्हणून एकट्या त्या आकड्यावर न थांबता इको आणि गरज पडल्यास हृदयाचा एमआरआय बघितला जातो.

पीजीएनएमआयडी. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे आद्याक्षरंच वापरतात. इथे पूर्ण अँटीबॉडी किडनीच्या गाळणीत साचते. यातली फसगत अशी, की बहुतेक रुग्णांच्या रक्तात किंवा मज्जेत काहीच सापडत नाही. रक्त स्वच्छ म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि नव्या किडनीत आजार परततो, तोही अनेकदा पहिल्याच वर्षात. हे निदान असेल तर ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा, की ठराविक महिन्यांनी, लक्षणं नसतानाही बायोप्सी होणार.

सी-३ ग्लोमेरुलोपॅथी. पन्नाशीनंतर हा आजार झालेल्यांत एम प्रोटीन अनेकदा सापडतं, म्हणून त्या वयात ते शोधायलाच हवं. हाही परतणारा आजार आहे.

मायलोमाची कास्ट नेफ्रोपॅथी. लाइट चेनचा पूर इतका असतो, की किडनीच्या नळ्या त्यांनी तुंबतात. इथे प्रत्यारोपणाची घाई अजिबात करू नका. केमोथेरपी लवकर आणि जोरकस मिळाली तर काही जणांचं डायलिसिस सुटतं, कधीकधी काही महिन्यांनंतरसुद्धा.

चौथी पायरी: आधी मज्जा, मग किडनी

प्रथिनानेच किडनी गेली असेल, तर हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) या प्रवासात पाहुणे नसतात, अर्धे मालक असतात. नेफ्रॉलॉजिस्ट आणि हिमॅटॉलॉजिस्ट एकमेकांशी थेट बोलतात ना, याची खात्री करून घ्या. नसतील तर एकाचं पत्र दुसऱ्यापर्यंत नेण्याचं काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावं.

उपचारात बोर्टेझोमिब, डेक्सामेथासोन, डाराट्युमुमॅब यांसारखी औषधं असतात. काहींना मेल्फालान या केमोथेरपीच्या औषधाचा मोठा डोस देऊन मग स्वतःच्याच स्टेम सेल परत दिल्या जातात. किडनी निकामी असताना हा डोस बहुधा २०० ऐवजी १४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर ठेवतात. १९९८ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मायलोमाच्या रुग्णाला एकाच दात्याची मज्जा आणि किडनी एकत्र बसवली गेली. ती वाट निवडक रुग्णांपुरतीच राहिली, पण मज्जा आणि किडनीचा विचार एकत्र करावा लागतो हे तिथेही दिसतं.

उपचार लागू पडला की नाही, हे मोजण्याचे शब्द ओळखून ठेवा. "कम्प्लीट रिस्पॉन्स" म्हणजे इम्युनोफिक्सेशनमध्ये प्रथिन दिसेनासं होणं आणि मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी ५ टक्क्यांखाली जाणं. मायलोमात "व्हेरी गुड पार्शल रिस्पॉन्स" म्हणजे प्रथिन ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटणं. अमायलॉइडोसिसमध्ये हीच पायरी आजारी आणि दुसऱ्या लाइट चेनच्या आकड्यांमधल्या फरकावरून मोजतात. केडिगोच्या सूचनांचा रोख असा, की मायलोमा, लाइट चेन डिपॉझिशन आणि एएल अमायलॉइडोसिस यांत योग्य उपचार होऊन आजार स्थिर शांत झालेला असला तरच प्रत्यारोपण करावं. किती महिने स्थिर, याचा एकच नियम नाही. बरीच केंद्रं ६ ते १२ महिने बघतात, मायलोमात जास्तही.

हे थांबणं फार जड जातं. घरात दाता तयार आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाललंय, आणि डॉक्टर "अजून थांबा" म्हणतात, तेव्हा मनाची काय अवस्था होते ते मी रोज बघते. तरीही सांगते, दात्याने दिलेली किडनी एकदाच देता येते. मज्जा शांत नसताना ती बसवणं हे दात्यावरही अन्याय करणारं आहे. थांबण्याच्या काळात "आणखी किती दिवस?" यापेक्षा "कुठला आकडा कुठे आला की यादीत घेणार?" असं विचारा. उत्तर लिहून घ्या.

याच काळात लसी उरकून घ्या. न्यूमोकोकस, फ्लू, हिपॅटायटिस बी, आणि नागिणीची निर्जीव लस. प्रत्यारोपणानंतर जिवंत लसी देत नाहीत, आणि बाकीच्यांचाही परिणाम तेव्हा कमी पडतो.

पाचवी पायरी: दात्याचंही रक्त बघा

जवळच्या रक्ताच्या नात्यात एम प्रोटीन असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. दाता वयाने मोठा असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन त्यांच्याही करून घ्याव्यात. ही तपासणी दात्याच्या स्वतःच्या भल्यासाठी आहे, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

सहावी पायरी: दोन औषधांची माहिती ब्लड बँकेपासून सर्जनपर्यंत पोचवा

पहिलं डाराट्युमुमॅब. ते सीडी-३८ या खुणेला चिकटतं आणि ही खूण लाल पेशींवरही थोडी असते. त्यामुळे रक्त जुळवताना सगळ्याच बाटल्या "जुळत नाहीत" असं दिसू लागतं. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. दात्याच्या पेशींशी रुग्णाचं रक्त जुळवून बघायच्या क्रॉसमॅचमध्येही ते गोंधळ घालू शकतं, आणि ते स्वतः आयजीजी-कॅप्पा जातीची अँटीबॉडी असल्याने इम्युनोफिक्सेशनवर स्वतःचाच पट्टा उमटवतं. ब्लड बँकेला आधी माहीत असेल तर यावर उपाय आहेत. ऐन ऑपरेशनच्या रात्री कळलं, तर तास वाया जातात. औषध सुरू होण्याआधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून तो कागद फायलीत लावा, आणि शेवटच्या डोसची तारीख फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. इसाटक्सिमॅब याच जातीचं आहे, त्यालाही हेच लागू.

दुसरं लेनालिडोमाइड, आणि त्याचंच भावंड पोमालिडोमाइड. मायलोमावर ती चांगली चालतात, पण प्रतिकारशक्तीला चेतवतात. प्रत्यारोपण झालेल्यांत ती दिल्यावर तीव्र रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, झाल्याच्या नोंदी आहेत. ती चालू असतील तर ऑपरेशनच्या आधी केव्हा थांबवायची, आणि नंतर पुन्हा लागली तर पर्याय काय, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवं.

सातवी पायरी: प्रत्यारोपणानंतर कशाकशावर लक्ष

संसर्ग सर्वांत आधी. इतर रुग्णांना फक्त रिजेक्शनविरोधी औषधांमुळे धोका असतो. इथे मज्जेचा आजार आणि त्यावरचे उपचार यांनी चांगल्या अँटीबॉडी आधीच कमी केलेल्या असतात. वारंवार न्यूमोनिया, सायनस, नागीण असं होत असेल तर आयजीजीची (रक्तातल्या मुख्य अँटीबॉडीची) पातळी तपासायला सांगा. सीएमव्ही आणि बीके विषाणूंच्या तपासण्या ठरल्या तारखेला व्हायलाच हव्यात. बोर्टेझोमिब चालू असेल तर नागीण रोखणारी गोळी विसरू नका. ताप आला, तर सकाळची वाट बघू नका.

गुठळ्या. एम प्रोटीन असणाऱ्यांत रक्त गोठण्याचा कल थोडा जास्त असतो. एक पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, तर लगेच कळवा.

एकमेकांवर परिणाम करणारी औषधं. टॅक्रोलिमस या रिजेक्शनविरोधी औषधाची पातळी बुरशीविरोधी औषधांनी आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकांनी चढते. डेक्सामेथासोनचे मोठे डोस ती उतरवू शकतात. मज्जेच्या उपचाराचा प्रत्येक नवा टप्पा सुरू होताना टॅक्रोलिमसची पातळी पुन्हा बघायची. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. लाइट चेन आणि या गोळ्या मिळून किडनीचं फार लवकर नुकसान करतात. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात राहत नसेल, तर सलाइनसाठी उशीर नको.

आणि आजार परतणं. त्याच्या खुणा रिजेक्शनसारख्याच असतात: क्रिएटिनिन चढतं, लघवीत प्रथिन जातं, रक्तदाब वाढतो, कधी लघवीत रक्त दिसतं. म्हणून अंदाजावर उपचार न करता बायोप्सी करावी लागते. इथे एक फट आहे आणि ती तुम्हीच बुजवू शकता. नव्या किडनीची बायोप्सी बहुधा रिजेक्शन शोधण्यासाठी पाठवली जाते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, सी-४-डी (रिजेक्शनची एक खूण) तपासतात आणि अहवाल देतात. कॅप्पा-लॅम्डाचे रंग आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी दर वेळी होतेच असं नाही, आणि त्यांच्याशिवाय सुरुवातीचं साचणं दिसतच नाही. तुकडा घेण्याआधी फॉर्म भरला जात असताना विचारा: "मूळ आजार लिहिलाय ना? कॅप्पा-लॅम्डा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी मागवलीय ना?" इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा तुकडा वेगळ्या द्रवात ठेवतात, म्हणून हे आधी सांगितलं तर बरं. फॉर्मवरच्या त्या एका ओळीने निदान महिने-महिने आधी झालेलं मी पाहिलंय.

रक्ताच्या तपासण्यांचं वेळापत्रक केंद्राप्रमाणे बदलतं. पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन, मग हळूहळू अंतर वाढवणं, असं अनेक ठिकाणी चालतं. नवी किडनी चालू झाली की कॅप्पा-लॅम्डा दोन्ही झपाट्याने उतरतात, कारण आता त्या बाहेर जाऊ लागतात. मज्जा सुधारली असा त्याचा अर्थ नाही. क्रिएटिनिन स्थिर झाल्यावर आलेले आकडे नवा पाया म्हणून लिहून ठेवा आणि पुढची तुलना त्यांच्याशी करा, डायलिसिसच्या काळातल्या आकड्यांशी नाही.

कधीकधी आधी काहीच नसलेल्या रुग्णाच्या रक्तात प्रत्यारोपणानंतर नवा बारीक पट्टा दिसतो, कधी दोन-तीन. रिजेक्शनविरोधी औषधांनी प्रतिकारशक्तीचा तोल बदलतो, सीएमव्हीसारखा विषाणू डोकं वर काढतो, आणि काही पेशी थोडा काळ वाढतात. असे पट्टे बऱ्याचदा आपोआप जातात. काही महिन्यांनी पुन्हा तपासा. ते वाढत असतील, किंवा सोबत गाठी, न उतरणारा ताप, वजन घटणं असेल, तर पीटीएलडी या लसिका पेशींच्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. त्यात अनेकदा ईबीव्ही विषाणूचा हात असतो, आणि लवकर कळला तर पहिला उपाय बहुधा रिजेक्शनविरोधी औषधं कमी करणं हाच असतो.

आजार परतला तर

परतला म्हणजे किडनी गेलीच, असं नाही. नुकतंच साचायला लागलेलं प्रथिन मज्जेवरच्या उपचाराने थांबवता येतं. बोर्टेझोमिब, डाराट्युमुमॅब, काही आजारांत रिटक्सिमॅब, ही औषधं नव्या किडनीसह वापरली जातात. सुट्या लाइट चेन निरोगी किडनीतून काही तासांत निघून जातात, त्यामुळे औषध लागू पडतंय का हे लवकर समजतं. किडनीतला साठा मात्र हळू विरघळतो; लघवीतलं प्रथिन कमी व्हायला अनेक महिने लागू शकतात. रक्ताचा रिपोर्ट सुधारला आणि लघवीचा नाही, म्हणून उपचार फसला असं लगेच समजू नका.

पहिली बसवलेली किडनी गेली, तरी दुसऱ्या प्रत्यारोपणाचा मार्ग खुला राहू शकतो. अट तीच, मज्जा आधी शांत झाली पाहिजे. त्या वेळी सगळ्यात आधी मागितले जातात ते गेलेल्या किडनीच्या बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड. पॅथॉलॉजी विभाग ते ठरावीक वर्षंच ठेवतो, म्हणून ते टाकून देऊ नयेत अशी लेखी विनंती वेळीच देऊन ठेवा आणि तिची पोच फायलीत लावा.